यंत्रघर : पंप गेला म्हणण्याआधी

मंडळी, गेल्या अंकातला चकच्या जबड्यांवरचा लेख वाचून दोन तऱ्हेची पत्रं आली. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी पुढचे प्रश्न विचारले. गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी कळवलं, की आमचा मुलगा तिकडे नक्की काय करतो ते थोडं थोडं समजायला लागलंय, पण जरा सोपं लिहा. यंदाचा विषय दोघांनाही जमेल असा आहे. लेथच्या पोटात एक छोटा पंप असतो. ज्यांनी आयुष्यभर विहिरीवरची मोटर सांभाळली, त्यांना या पंपाचं दुखणं इथल्या कित्येक इंजिनिअरांपेक्षा लवकर कळेल.

लेथवर लोखंड फिरतं आणि टूल त्याचा कीस काढतं. जिथे कीस निघतो तिथे भयंकर उष्णता होते, म्हणून त्या जागी सतत दुधासारखं पांढरं पाणी सोडलेलं असतं. पाण्यात साधारण पाच ते आठ टक्के तेल मिसळून ते करतात. आपल्याकडे त्याला कूलंट म्हणतात. इथे त्याचं नाव क्यूलश्मीअरश्टॉफ, आणि शॉपमध्ये घाईत नुसतं 'का-एस-एस'. हे पाणी लेथच्या खालच्या टाकीतून वर जातं, जॉबवर पडतं, कीस धुऊन पुन्हा टाकीत येतं. त्याला फिरवत ठेवणारा तो आपला पंप.

एवढ्याशा पाण्याने काय होतं, असं वाटेल. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन माणसाने फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कारखान्यात १८८० च्या दशकात हे मोजून पाहिलं. टूलच्या टोकाशी पाण्याची जाड धार सोडली, तर पोलाद कापण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता येतो, असं त्याला दिसलं. यंत्र गंजू नये म्हणून त्या पाण्यात सोडा घालत. १९०६ साली अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने धातू कापण्यावर जो मोठा निबंध वाचला, त्यात हे सगळं आहे. आजची कार्बाइडची टिप पाण्याशिवायही बरंच सोसते. बीड तर आपण कोरडंच कापतो. पण टिपला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मधेच पाणी, मधेच नाही. तापलेल्या टिपवर थेंब थेंब पडलं की तिला बारीक तडे जातात आणि धार तुकड्यांनी उडते. म्हणून धार तुटक असेल तर पंप बंद करून हळू वेगाने कोरडं कापावं, ते परवडतं.

आता मूळ गोष्ट. फिल्स नदीच्या खोऱ्यात, ग्योपिंगनच्या आसपास, छोटे छोटे जॉबवर्कचे कारखाने आहेत. ग्योपिंगन हे बोहरिंगर लेथचं गाव, कारखाना १८४४ सालचा. याच बोहरिंगरने १९२७ मध्ये वोलेनबर्ग, हायडनराइश उंट हार्बेक अशा इतर लेथवाल्यांबरोबर 'फाउ-डे-एफ' हा संघ काढला. त्या नावाचे जुने लेथ इथे अजून भाकरीला लावलेले दिसतात. अशाच एका आठ माणसांच्या कारखान्यात पलूस तालुक्यातला एक मुलगा लागला आहे. आयटीआय टर्नर, हात चांगला, जर्मन अजून अडखळत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून अशा मुलांचे फोन मला जास्त येतात. हा त्यांतलाच एक, मला काका म्हणतो.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, पंप गेलाय. मोटर फिरतीय, पण नळाला शेवटचं पाणी यावं तसं येतंय." दोन आठवड्यांपूर्वी तो लेथ जुन्या शेडमधून नव्या शेडमध्ये हलवला होता आणि हलवल्यानंतर त्यावर काम करणारा पहिला माणूस हाच. त्याची प्रोबेत्साइट चालू होती. सहा महिन्यांच्या त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणालाही सोडू शकतं, कारण सांगावं लागत नाही. शनिवारी शॉप बंद असताना चावी मागून, कुणाला न सांगता पंप उघडायचा त्याचा विचार होता. त्याच फोनवर गावाकडून त्याचे मामाही होते. ते लगेच म्हणाले, "अरे फेज उलटा झाला असंल. दोन वायरी बदल की, पाच मिनिटांचं काम."

मामांचं निदान लक्षात ठेवा, त्याकडे येतो. आधी मी त्याला जे विचारलं ते सांगतो, कारण बिघाड शोधताना क्रम महत्त्वाचा.

पहिला प्रश्न आवाजाचा. मोटर गप्प आहे, नुसती घुमतेय, की फिरतेय? गप्प असेल तर वीज पोचत नाही किंवा संरक्षक स्विच ट्रिप झालाय. घुमत असेल आणि फिरत नसेल तर ताबडतोब बंद करायची. एक फेज गेला की मोटर अशीच घुमते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दोन फेजवर चालून जळलेल्या मोटरी भरून आणण्यात किती सुगीचे पैसे गेले असतील! लेथच्या पंपात घुमण्याचं दुसरंही कारण असतं: खाली इम्पेलरमध्ये कीस अडकलेला असतो, किंवा लांब सुट्टीत गाळ सुकून तो जाम झालेला असतो. कारण कुठलंही असो, वाइंडिंग काही मिनिटांत जळतं. म्हणून ट्रिप होणारा स्विच पुन्हा पुन्हा दाबू नये, आणि त्याच्यावरचा करंटचा आकडा वाढवून तर मुळीच ठेवू नये. हा पंप छोटा, ०.१८ किलोवॅटचा असेल तर ४०० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो. पाटीवर जो आकडा आहे तोच स्विचवर हवा.

आमच्या मुलाची मोटर फिरत होती. मग दुसरा प्रश्न: पाणी कुठपर्यंत येतं? इथे बहुतेक जण सरळ पंपाकडे धावतात. मी म्हणतो, टोकापासून मागे या. नळीच्या तोंडात किसाचा एखादा तुकडा, अर्धवट बंद राहिलेला कॉक, सॅडलखाली दुमडलेला पाइप, हे सगळं विनाखर्चाचं. यंत्र बंद करून पंपाच्या तोंडाशी पाइप सोडायचा, तिथे थोडा जाड पाइप लावून तो बादलीत धरायचा आणि मग पंप चालू करून घड्याळ लावायचं. पाटीवर मिनिटाला २५ लिटर लिहिलं असेल, तर दहा लिटरची बादली अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर भरली पाहिजे. भरली तर पंप निर्दोष, दोष पुढच्या वाटेत. या बादलीच्या परीक्षेने मी आजवर जितके पंप वाचवलेत तितके पान्याने वाचवले नाहीत.

त्याने फोन चालू ठेवून बादली लावली. दहा लिटरला दीड मिनिट. म्हणजे दोष पंपात किंवा पंपाच्या मागे.

मागे म्हणजे टाकीत. विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह असतो. तो गळला की पंप हवा धरतो आणि मग पाणी ओतून तो भरावा लागतो. लेथच्या पंपाला ही कटकट नाही. त्याची मोटर टाकीवर बसलेली असते, लांब शाफ्ट खाली जातो आणि इम्पेलर पाण्यात बुडालेला असतो. पाणी एका ठरावीक खुणेच्या खाली गेलं तर मात्र तोही हवा ओढतो. गंमत अशी, की टाकी भरलेली दिसते आणि तरीही असं होतं. टाकीत दोन-तीन कप्पे असतात आणि मध्ये जाळी असते. किसाने आणि चिकट गाळाने जाळी बुजली की पहिला कप्पा काठोकाठ भरतो आणि पंपाचा कप्पा कोरडा पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: सुरू केल्यावर चार-पाच मिनिटं पाणी झकास येतं, मग फेस येतो, मग धार तुटते. थोडा वेळ बंद ठेवलं की जाळीतून पाणी झिरपतं आणि पुन्हा झकास. अशा पंपाला लोक 'गरम झाला की बंद पडतो' म्हणतात आणि नवीन मागवतात. नवीनही पाचव्या मिनिटाला तसाच वागतो.

मुलाला विचारलं, सुरू केल्या केल्या कसं येतं? म्हणाला, पहिल्या क्षणापासून असंच, सारखंच, फेस नाही. टाकी हलवताना साफ केलेली, जाळी स्वच्छ. म्हणजे जाळी सुटली. पंप लेथबरोबर हलवला होता का? नाही, टाकी रिकामी करायची म्हणून पंप काढला होता, वायर सोडली होती, नव्या जागी पुन्हा जोडली. आधी पाणी कसं यायचं? भरपूर.

तेव्हा मी मामांना म्हणालो, बरोबर आहे तुमचं.

डीपी दुरुस्त करून लाईन आली आणि विहिरीवरची मोटर उलटी फिरायला लागली, हा अनुभव महाराष्ट्रातल्या प्रत्येक बागायतदाराला आहे. तीन फेजपैकी कुठलेही दोन आपसात बदलले की मोटरची दिशा बदलते. लेथवर फसवणारी गोष्ट ही, की उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो. इम्पेलर पाणी बाहेर फेकतो, तो कुठल्याही बाजूने फिरला तरी फेकतोच. फक्त त्याच्या पात्यांचा बाक आणि कवचाचा घेर एकाच दिशेसाठी केलेला असतो, म्हणून उलट दिशेने दाब आणि धार दोन्ही बऱ्याच कमी होतात. पंप अगदी कोरडा पडला असता तर लगेच संशय आला असता. थोडं येतं, म्हणून 'झिजला' असं वाटतं. स्पिंडल सरळ फिरतोय म्हणून वायरिंगवर कुणाचा संशय जात नाही, आणि इथे तर फक्त पंपाचीच वायर सोडून जोडली होती. असा पंप फार दिवस चालवूही नये, कारण इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल तर उलट फिरून सुटायची भीती असते.

हे पक्कं करायला काहीही उघडावं लागत नाही. मोटरच्या डोक्यावर पंख्याचं झाकण असतं, त्यावर दिशेचा बाण असतो. पंप चालू करून लगेच बंद करायचा आणि पंखा थांबता थांबता जाळीतून टॉर्च मारून बघायचा, बाणाबरोबर फिरतोय की उलटा. मुलाने व्हिडिओ काढून पाठवला. पंखा उलटा फिरत होता.

इथवर मामा, मी आणि मुलगा एकमताचे. पुढे मामांशी माझं जुळेना. मामा म्हणत, त्याला सगळं येतं, गावात त्याने किती मोटरी जोडल्यात. येतं, यात वाद नाही. पण इथे टर्मिनलचं झाकण उघडणं हे एलेक्ट्रोफाखक्राफ्टचं, म्हणजे शिकून परवाना मिळवलेल्या वीजकर्मीचं काम आहे. त्याचे पाच नियम शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ करून घेतात: वीज तोडा, ती पुन्हा कुणी चालू करणार नाही याची सोय करा, वीज नाही हे मोजून बघा, अर्थ आणि शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. गावाकडे पहिला नियमही बऱ्याचदा 'अरे फ्यूज काढलाय' या आरोळीवर भागतो, आणि त्या आरोळीवर विसंबून गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. शनिवारी ओल्या फरशीवर, रिकाम्या शेडमध्ये, एकटा माणूस ४०० व्होल्टचं झाकण उघडतोय, हे चित्र मला नको होतं. शिवाय प्रोबेत्साइटमध्ये मनाई असलेलं काम लपून केलं, हे एवढंच कारण मायस्टरला पुरलं असतं.

त्याला एक वाक्य जर्मनमध्ये लिहून दिलं, त्याचा अर्थ असा: 'हलवल्यापासून कूलंट पंप उलटा फिरतो आहे, दहा लिटरला दीड मिनिट लागतं, कृपया वीजकर्म्याला बोलवा.' सोबत व्हिडिओ. सोमवारी सकाळी वीजकर्मी आला, दोन वायरी बदलल्या आणि बादली पंचवीस सेकंदांत भरली. मायस्टर काही बोलला नाही, फक्त त्या मुलाला विचारलं, की दहा लिटर आणि घड्याळ हे तुला कुणी शिकवलं? श्वाबेनमध्ये याला कौतुक म्हणतात.

त्या व्हिडिओत मला आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि खरं म्हणजे मला पंपापेक्षा तिची काळजी वाटली. टॉर्च धरलेल्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे होते. विचारल्यावर म्हणाला, "खाज येते काका, आठवडा झाला. थंडीनं असंल." मग त्याला रिफ्रॅक्टोमीटर लावायला सांगितलं. हे दुर्बिणीसारखं छोटं साधन, काचेवर कूलंटचा एक थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. दिसलेला आकडा त्या तेलाच्या माहितीपत्रकात दिलेल्या गुणकाने गुणला की तीव्रता कळते. सात टक्के हवी होती, निघाली अकरा. नव्या शेडमध्ये टाकी भरताना कुणीतरी कॅनमधून अंदाजाने तेल ओतलं होतं. चालू यंत्रात वाफ होते ती पाण्याची, तेल मागे राहतं, त्यामुळे तीव्रता आणखी चढते. असं पाणी दिवसभर हातावरून गेलं की कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो. हातमोजे घाला म्हणावं तर तेही नाही, फिरत्या चकपाशी मोजा अडकला तर हात जातो. म्हणून कामाआधी संरक्षक मलम, कामानंतर सौम्य साबण आणि पुन्हा मलम. प्रत्येक शॉपमध्ये वॉशबेसिनजवळ हाउटश्युत्सप्लानचा तक्ता टांगलेला असतो. सगळ्यांनी पाहिलेला, कुणी न वाचलेला.

आयांनो, वडिलांनो, व्हिडिओ कॉलवर मुलगा जेवला का हे विचारताच, त्याचे हातही एकदा बघा. कूलंटमुळे झालेला त्वचेचा त्रास इथे व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी हाउटआर्ट्स्टबेरिश्त हा अहवाल बेरुफ्सगेनोसेनशाफ्टला, म्हणजे कारखान्यांच्या अपघात विमा संस्थेला पाठवला, की पुढचे उपचार तिच्याकडून होऊ शकतात. २०२१ पासून आणखी एक बदल झाला आहे. असा आजार मान्य होण्यासाठी आधी ते काम सोडलंच पाहिजे, अशी अट होती, ती गेली. त्यामुळे नोकरी जाईल या भीतीने चट्टे लपवायचं कारण उरलं नाही. आमचा मुलगा गेला डॉक्टरकडे. टाकीतली तीव्रताही खाली आणली. महिनाभरात हात निवळले.

कूलंट करताना आधी पाणी घ्यायचं आणि त्यात तेल ओतायचं, उलट केलं तर गुठळ्या होतात. रोजची घट भरायची ती कोऱ्या पाण्याने किंवा तेलाने नाही, पातळ मिश्रणाने. आठवड्यातून एकदा तीव्रता, पीएच आणि नायट्राइट तपासून वहीत लिहायचं. नायट्राइट लिटरला २० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तर उपाय करावा लागतो किंवा टाकी बदलावी लागते, कारण त्यातून कर्करोगाशी संबंध असलेले नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात.

पंप खरोखरच गेला तर? शाफ्टचं बेअरिंग खरखरतंय, इम्पेलर झिजलाय, वाइंडिंग जळलंय, असं होतंच. मामांनी मोटर भरून द्यायची तयारी दाखवली होती, पाहुण्यांच्या बॅगेतून पाठवा म्हणाले. इथे एवढी छोटी मोटर कुणी भरत नाही. मला ते खटकतं. तांब्याच्या चार मुठींसाठी अख्खा पंप भंगारात जातो, आणि किर्लोस्करवाडीच्या पंचक्रोशीत तीच मोटर संध्याकाळपर्यंत भरून मिळते. पण नवा पंप बसवणं इथे सोपं आहे. या पंपांच्या फ्लँजची मापं आणि पाण्यात बुडणारी लांबी ईएन १२१५७ या मानकात ठरवलेली आहेत, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा पंपही जुन्या भोकांवर बसतो. मागवताना बुडणारी लांबी, मिनिटाचे लिटर आणि दाबाची उंची, एवढं जुन्या पाटीवरून उतरवून घ्या. नवा बसवल्यावर पहिलं काम तेच: बाण आणि पंखा.

आता नाताळची सुट्टी दोन महिन्यांवर आली. दोन आठवडे शेड बंद राहते आणि टाकी उभी राहते. वर तरंगणारं वंगणतेल हवा अडवतं, खाली जिवाणू वाढतात, आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास भरतो. त्याच दिवशी पंप घुमतो आणि फिरत नाही, कारण गाळ इम्पेलरवर बसलेला असतो. म्हणून शेवटच्या दिवशी वरचं तेल काढून घ्या, जाळी धुवा. कूलंट जुनं झालं असेल तर टाकी आत्ताच रिकामी करा, आणि पंपाची वीज वीजकर्म्याकडून सोडवून तो वर काढून पुसून ठेवा. जुनं कूलंट गटारात जाणार नाही, अंगणातल्या खड्ड्यात तर नाहीच. ते घातक कचऱ्यात मोडतं. त्याचा सांकेतांक १२ ०१ ०९, पुढे तारा. तो पिंपावर ठळक लिहा आणि पिंप न्यायला येणाऱ्या गाडीची तारीख सुट्टीआधीच ठरवून घ्या, डिसेंबरात त्यांनाही गर्दी असते.